आमची वाटचाल: फायबरच्या गाळ्यातून कार्बनकडे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा गाळा अजून 'फायबरवाल्यांचा' म्हणूनच ओळखला जातो, आणि त्यात खोटं काही नाही. यजमानांनी सुरुवात केली ती मशीनची कव्हरं, कुंड्या, टाक्यांची झाकणं असल्या कामांनी. पॉलिएस्टर रेझिन, काचेची मॅट आणि वरून रंग. कुठे खड्डा राहिलाच तर लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिश पेपर मारायचा, रंगाखाली सगळं झाकून जायचं.

कार्बन फायबरमध्ये, म्हणजे कार्बनच्या काळ्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये बसवून केलेल्या कामात, ही सोय नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं तेच मुळी कापडाची वीण दिसावी म्हणून. लांबी चालत नाही, प्रायमर चालत नाही. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं आणि त्यात पॉलिशचं कंपाऊंड अडकलं, की काळ्या जॉबवर पांढरा ठिपका लांबूनही डोळ्यात भरतो.

या कामात आम्हाला ओढलं ते बाइकवाल्या पोरांनी. मडगार्ड, चेनगार्ड घरीच गच्चीवर बनवायचे. ब्रशने इपॉक्सी (कार्बनसाठीचं रेझिन) लावून कापड बसवलेलं. मग आमच्याकडे आणून म्हणायचे, "वहिनी, बाकी सगळं झालंय, फक्त शोरूमसारखं गुळगुळीत करून द्या." त्यांच्यामागून 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेसाठी गाडी बांधणारे इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आले. 'फक्त' या शब्दावर आमचा अर्धा धंदा उभा आहे असं यजमान गमतीने म्हणतात.

अशा जॉबची वरची बाजू उघडी वाळलेली असते, त्यामुळे धाग्यांचे उंचवटे वर आणि मधल्या खळग्यांत रेझिन कमी. पोरं थेट पेपर घेऊन बसतात आणि उंचवटे कापून टाकतात. 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम) कापडाचा एक थर जेमतेम पाव मिलिमीटरचा. धागा कापला की वीणही विस्कटते आणि ताकदही जाते. म्हणून आधी रेझिन चढवायचं, मग तेच घासायचं. धाग्याला हात लावायचा नाही.

त्याआधी जॉब कोमट पाण्याने आणि स्क्रबरने धुवायचा. पावसाळ्यात हे चुकवून चालत नाही. ठाण्याच्या जुलैतल्या दमट हवेत रेझिन घट्ट करणारा हार्डनर ओलाव्याशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी खेळ करतो, आणि इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो धुतला नाही तर पुढचा थर धरत नाही. हल्ली आम्ही रेझिनचं काम एसी लावलेल्या छोट्या खोलीतच करतो. विजेचं बिल बघून पोटात गोळा येतो, पण पर्याय नाही.

छिद्रं बुजवायची एक युक्ती मात्र फुकटची आहे. जॉब हीट गनने हलका तापवायचा आणि तो निवत असताना पातळ रेझिन प्लॅस्टिकच्या पट्टीने उभं-आडवं दाबून फिरवायचं. निवताना छिद्रातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. हेच उलटं केलं, म्हणजे जॉब गार असताना रेझिन लावून मग तापवला, तर आतली हवा फुगून बुडबुडे वर येतात.

घासायचं काम आमच्याकडे किसन नगरच्या दोन ताई करतात. आधी इमिटेशन ज्वेलरीच्या पॉलिशवर होत्या, त्यामुळे हात तयार. 400 नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात, मग नंबरागणिक बारीक होत 600, 800, 1200, 2000. पेपर रबरी ब्लॉकवर गुंडाळलेला, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या चऱ्या पडतात. ट्यूबलाइट तिरपी पडेल असा जॉब धरला की घासलेला भाग मंद दिसतो आणि खोलगट जागा टिकल्यांसारख्या चमकत राहतात. शेवटची टिकली जाईपर्यंत नंबर बदलायचा नाही. पण खरी नजर पाण्यावर. पाणी दुधाळ आहे तोवर रेझिनच कापतंय. "वहिनी, पाणी काळं आलं," असा आवाज आला की हात जागेवर थांबतो. धागा लागलेला असतो. तिथे पुन्हा रेझिन चढवायचं. कोरडं घासायला आमच्याकडे सक्त मनाई. कार्बनची धूळ अंगाला खाजते, छातीला वाईट, शिवाय वीजवाहक असल्याने ड्रिल-ग्राइंडरच्या मोटरीत शिरून शॉर्ट करते.

इतकं राबूनही उन्हाळ्यात एक तक्रार यायचीच: घेतला तेव्हा काचेसारखा सपाट होता, आता वीण हाताला लागते. काळा जॉब एप्रिलच्या उन्हात सहज 60-70 अंशांपर्यंत तापतो. खोलीच्या तापमानाला वाळलेली इपॉक्सी तिथे मऊ पडते आणि राहिलेलं आकुंचन तेव्हा पूर्ण करते. कार्बन मात्र तापमानाने जवळजवळ हलत नाही, त्यामुळे वीण वर उठते. म्हणून आता फिनिशिंगच्या आधीच जॉब भट्टीत जातो. शेजारच्या गाळ्यात पावडर कोटिंग चालतं. त्यांची 200 अंशांची भट्टी संध्याकाळी रिकामी झाली की आम्ही भाड्याने घेतो, हळूहळू 70 पर्यंत नेतो आणि काही तास तिथेच ठेवतो. वीण उठायची असेल तर ती इथेच उठू दे, मग घासू.

धंदा म्हणून स्थिरावलो ते मात्र साच्याकडे वळल्यावर. वेळ जॉबवर घालवण्यापेक्षा साच्यावर घालवला की तोच गुळगुळीतपणा प्रत्येक नगाला आयता मिळतो. साचा 2000 पर्यंत घासून बफ केलेला, वर मेणाचे थर. त्यात आधी पारदर्शक थर, तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका आवळला की मग कापड. वर व्हॅक्यूम बॅग, म्हणजे पंपाने हवा खेचली की कापड साच्यावर दाबून धरणारी पिशवी. पंपाचा वाल्व्ह बंद करून गेजचा काटा पडतो का, म्हणजे कुठे गळती आहे का, ते बघितल्याशिवाय कोणी जेवायला जात नाही. शेवटी उन्हातले यूव्ही किरण रोखणारा टू-के पीयू क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचा पारदर्शक पॉलियुरेथेन थर), कारण उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते. एकच नग हवा असलेल्याला साचा परवडत नाही, हे आम्ही तोंडावर सांगतो. कोटेशनमध्येही बनावट आणि फिनिशिंग वेगवेगळ्या ओळींत लिहितो. दुसरी ओळ बहुतेक वेळा मोठी असते आणि घासाघीस तिथेच होते.

हल्ली मॅट फिनिशची मागणी वाढलीय. चमक नको म्हणजे मेहनत कमी, तेव्हा दर कमी करा, असं गिऱ्हाईक धरून बसतं. ग्लॉसवर धुळीचा कण बसला तर 2000चा पेपर आणि बफ मारून निघतो. मॅटवर बफ मारला की तेवढाच डाग चकाकतो, म्हणजे अख्खा जॉब पुन्हा घासून स्प्रे. त्यामुळे मॅटचा दर आमच्याकडे ग्लॉसपेक्षा जास्तच आहे.