इरुंगट्टुकोट्टईला निघालेली स्विफ्ट

ट्रॅकवर ड्रायव्हिंग शिकायला निघालेली गाडी तपासायला आली की मी बॉनेट नंतर उघडतो, आधी चारही चाकं काढतो. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजला अशा गाड्या रोज येत नाहीत, पण ज्या येतात त्यांच्या मालकांची मागणी बहुतेक ठरलेली असते. एअर फिल्टर, एक्झॉस्ट, जमलंच तर इंजिनचं रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं. गाडी पळावी कशी याचा सगळ्यांनी विचार केलेला असतो. ती थांबणार कशी, हे सहसा कुणी विचारत नाही.

त्या बुधवारी आलेल्या डॉक्टरांची पेट्रोल स्विफ्ट होती. पाच वर्षांची, पण निगा अशी की दाराच्या रबरालाही धूळ नाही. सर्व्हिसचे कागद फाईलला लावलेले. शनिवार-रविवार चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हाय-परफॉर्मन्स ड्रायव्हिंगचं शिक्षण, तेही स्वतःच्या गाडीवर. "मामा, शुक्रवारी पहाटे निघणार. फिल्टर तेवढा बसवा आणि एकदा नजर टाका," म्हणाल्या.

पहिली गोष्ट मी त्यांना सांगितली ती गाडीची नव्हतीच. इथून तो ट्रॅक नऊशे किलोमीटरच्या वर आहे. दिवसभर स्टिअरिंगवर बसून रात्री पोचायचं आणि सकाळी १२० च्या वेगाने वळणाकडे जायचं, हे काही खरं नाही. गुरुवारीच निघा, बंगळूरला मुक्काम करा, पोटभर झोपा. ट्रॅक बंगळूर-चेन्नई हायवेलाच आहे, शहरात शिरावंही लागत नाही. त्यांना पटलं. त्यामुळे माझ्या हातात मात्र एकच दिवस उरला.

गाडी जॅकवर घेतली. डावं पुढचं चाक काढलं आणि टायरच्या आतल्या भिंतीवरून तळवा फिरवला. ही बाजू गाडीकडे तोंड करून असते, धुणाऱ्यालाही दिसत नाही. अर्ध्यावर बोटं अडली. सुपारीएवढा फुगा होता. बॅटरी धरून डॉक्टरांना दाखवला. त्यांनी स्वतः बोट लावून पाहिलं, दाबून पाहिलं. "पण मामा, नक्षी तर भरपूर आहे की."

नक्षी होतीच. पण कुठल्यातरी खड्ड्यात रिमच्या कडेवर टायर चेंगरला होता आणि आतले धागे तुटले होते. त्या जागी हवा धरून ठेवायला नुसतं रबर उरलं होतं. शहरात अशी गाडी महिनोन्महिने चालते आणि म्हणूनच माणसं निर्धास्त राहतात. वेगात उजवं वळण घेताना मात्र सगळ्यात जास्त भार याच डाव्या पुढच्या टायरवर येतो. पुढची जोडीच बदलायची ठरली. आणताना टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचून घेतले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. दुकानात पडून राहिलेला जुना टायरही नवा म्हणूनच विकला जातो.

खरं काम पुढेच होतं. ब्रेक ऑइलचं झाकण उघडलं तर आत काळपट चहा. टेस्टर बुडवला, लाल दिवा लागला, म्हणजे ऑइलात पाणी मुरलेलं. फाईलमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या कागदावर 'ब्रेक ऑइल' समोर टिकमार्क होता, पण तो नुसत्या पातळीचा. ऑइल बदलल्याची नोंद एकाही कागदावर नाही. मला या गोष्टीचा फार राग येतो. गिऱ्हाईक कागदावर विश्वास ठेवतं आणि कागद खोटं बोलत नसला तरी पुरतं खरंही बोलत नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचावा तसं विचारलं, "सगळं बंद आहे, मग यात पाणी आलं कुठून?" हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. झाकणाच्या वाटेने, रबरी नळ्यांमधून, हळूहळू. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. डॉट फोर या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. पाणी मुरल्यावर तीच हद्द १५५ वर येते. ऑइल उकळलं की बुडबुडे होतात आणि बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही. मग पेडल सरळ तळाला जातं आणि गाडी थांबत नाही.

किती तापतं याचा हिशोब मी कागदावर करून दाखवला. टनभर वजनाची गाडी १२० वरून ६० वर आणली तर अंदाजे चारशे किलोज्यूल उष्णता होते. लिटरभर पाणी उकळून वर उरेल एवढी, आणि ती चार-पाच सेकंदांत ब्रेकवर ओतली जाते. पुढच्या वळणाला पुन्हा. करूळ घाट उतरताना येतो तो जळका वास त्यांना माहीत होता. ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. प्रत्येक वळणाआधी एवढा जोरात ब्रेक लागत नाही, पण फेऱ्या थांबत नाहीत.

फिल्टरचा डबा मी त्यांना तसाच परत दिला. ते पैसे ब्रेक पॅडला, म्हणजे चाकाची तबकडी धरून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांना घातले. जुने पॅड चार मिलिमीटर उरले होते, रस्त्यासाठी चालले असते, ट्रॅकसाठी नाही. रेसिंगचे पॅड घालू का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. ते गार असताना धड पकडत नाहीत, आणि पहिल्यांदा शिकणाऱ्याला पेडल रोजच्यासारखंच वागलेलं बरं. कंपनीचेच नवे पॅड, सीलबंद डब्यातलं नवं ऑइल. चारही चाकांना ब्लीड करताना, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढताना, पारदर्शक नळीतून आधी काळं, मग पिवळसर, मग स्वच्छ येईपर्यंत हाताखालच्या पोराने पेडल मारलं. चाकांचे नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोरावर आवळणाऱ्या पान्यानेच आवळले.

संध्याकाळी गाडी आतून रिकामी केली. छत्री, पाण्याच्या बाटल्या, मॅट, डिकीतला जॅक. सुटी बाटली ब्रेक मारताना घरंगळत पेडलखाली आली तर संपलंच. डॅशबोर्डवर टेपने चिकटवलेली जोतिबाची पितळी मूर्ती होती. तिच्याकडे मी हात नेला नाही. डॉक्टरांनीच काढली, रुमालात गुंडाळून वडिलांकडे दिली. विम्याची पॉलिसीही तिथेच बसून वाचायला लावली. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांतलं नुकसान आपल्याकडची गाडीची पॉलिसी देत नाही. शिक्षण त्यात धरतात की नाही, ते कंपनीकडून लेखी घ्या म्हटलं.

गुरुवारी उजाडता उजाडता कागलच्या रस्त्याला नवे पॅड तबकडीवर घासून जमवायला गेलो. रस्ता मोकळा बघून ६० वरून २० पर्यंत सणसणीत ब्रेक, पूर्ण न थांबता पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. वास आला की गार होईपर्यंत नुसती चालवायची. गरम ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही, ट्रॅकवरून आल्यावर हँडब्रेकही ओढायचा नाही. परत येताना सीट लावून दिली: पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोचलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. त्या आजवर किती तरी मागे बसत होत्या.

दहाला त्या निघाल्या. शनिवारी संध्याकाळी फोन आला. दमलेला आवाज, पण खणखणीत. ट्रॅकवर इशाऱ्याला दाखवतात ते झेंडे आधी पाठ करून घेतले, मग वळणातून गाडी कुठून न्यायची ती लाइन शिकवली, मग सरळ रेषेत ब्रेक मारायला. "मामा, पेडल शेवटच्या फेरीपर्यंत दगडासारखं होतं." मी दिवसभर मोबाइल खिशातून काढून बघत होतो, त्यामुळे ते वाक्य ऐकून जीव भांड्यात पडला.

परत आल्यावर पुन्हा चाकं काढली. दहा मिलिमीटरचे पॅड सहावर आले होते. ऑइल पुन्हा बदललं. डॉक्टरांनी वहीत टायरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ठेवल्या होत्या, सकाळी गार असताना ३२ पीएसआय, सेशन संपल्यावर ३८. नव्या टायरची बाहेरची कड घासलेली होती, पण टायरच्या खांद्यावर खुणेसाठी असलेल्या छोट्या त्रिकोणापर्यंतच, त्याच्या खाली नाही. म्हणजे टायर कडेवर लोळला नव्हता, हवा बरोबर होती. वहीत ३२ खाली रेघ मारून दिली, पुढच्या वेळीही तिथूनच सुरुवात करायची.