क्लबचा बहिरा सेट पुन्हा ऐकू लागला

वळवात कोल्हापुरावर वीज कशी कडाडते ते इथल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यातल्या तशाच एका संध्याकाळी आमच्या हॅम रेडिओ क्लबच्या खोलीतला एचएफ (म्हणजे शॉर्टवेव्हचा) सेट बहिरा झाला. वीज जवळच कुठेतरी पडली होती आणि कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, सेटलाच लावलेली राहिली होती. ट्रान्समिट ठणठणीत, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) पूर्ण १०० वॅट. रिसीव्हला मात्र, सकाळच्या ७ मेगाहर्ट्झवर जिथे गर्दी मावत नाही तिथे, नुसती बारीक सळसळ. अँटेना लावा नाहीतर काढा, सिग्नलचा जोर दाखवणारा एस मीटर जागचा हलेना.

दोन रविवार अँटेनाच तपासली. आमची अँटेना म्हणजे दोन तारांचा डायपोल. त्याच्या फीड पॉइंटपाशी, म्हणजे केबल जोडतात तिथे, कोॲक्स सोलली तर जाळी काळी पडलेली, आत पाणी शिरलं होतं. चकचकीत तांबं दिसेपर्यंत चार फूट कापावी लागली. मधला इन्सुलेटर तडकला होता, तो उद्यमनगरात लेथवर नायलॉनचा करून आणला. सेट तरीही बहिराच.

तिसऱ्या रविवारी झाकण काढलं. सिग्नल जनरेटरचा चाचणीचा सिग्नल बँडपास फिल्टरच्या (हवा तेवढाच बँड आत सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाशी दिला, तर सेटमधून टोन लख्ख ऐकू आला. म्हणजे दोष अँटेना सॉकेट ते फिल्टर एवढ्याच पट्ट्यात. मी अँटेना ट्रान्समिट-रिसीव्हमध्ये बदलणारा रिले काढायला निघालो होतो, तेवढ्यात कॉलेजात शिकणारी आमची व्हीयू३ (कॉलसाइन व्हीयू३ने सुरू होणारी नवी हॅम) म्हणाली, "काका, आधी हे दोन डायोड बघूया की." रिसीव्हच्या वाटेवर उलटसुलट जोडलेले, तांदळाच्या दाण्याएवढे काचेचे डायोड. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतः चालू होऊन पुढचा भाग वाचवतात. मीटरने बीप दिली, पण तेवढ्यावर जाऊ नका. शेजारच्या कॉइलमधून डीसीला वाट असते, तिथे बीप येणारच. एकेक पाय उचलून मोजलं. एक ठीक, दुसरा दोन्हीकडून शॉर्ट. बदलले मात्र दोन्ही, कारण झटका दोघांनीही खाल्ला होता.

कोॲक्स लावली आणि खोलीभर खरखर भरली. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

एक गोष्ट मनाला लागली. झाकणाचे दोन स्क्रू आधीपासूनच गायब होते आणि एका ट्रिमरवरचं (फ्रीक्वेन्सी बारीक जुळवायच्या स्क्रूवरचं) लाखेचं सील तुटलेलं. कुणीतरी चांगल्या मनानेच फिरवला असणार, पण नोंद नाही, त्यामुळे मूळ जागा कळायला मार्ग नाही. फ्रीक्वेन्सी सरकली होती. १० मेगाहर्ट्झवरच्या वेळेच्या सिग्नलशी झीरो बीट करून, म्हणजे दोन्हींतल्या फरकाचा सूर शून्यावर आणून, ती जुळवण्यात अख्खी दुपार गेली. आता टेबलावर वही बांधून ठेवली आहे. सेट कुणीही उघडा, पण काय हलवलं ते लिहा. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी गाठते, तेव्हा हा सेट पहिल्या हाकेला चालायला हवा.

पुढच्या रविवारी एसएमपीएस, म्हणजे सेटचा पॉवर सप्लाय. लोड दिला की १३.८ चे ११ व्होल्ट होतात, आउटपुटचे कॅपॅसिटर वरून फुगलेत. ईएसआर मीटर (कॅपॅसिटरची तब्येत तपासणारा) असेल त्याने घेऊन यावं. प्रायमरीच्या (मेन्सच्या बाजूच्या) कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असू शकतात, तेव्हा मी येईपर्यंत सप्लाय उघडू नका.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)