३ आणि ६ एकाच बाजूवर: लाकडी कॅलेंडर, नोंद चौथी

मंडळी, महिनाभर ज्या एका आकड्यापाशी अडले होते, तो सुटला.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. सागवानाचे ४५ मिमीचे दोन ठोकळे, प्रत्येक बाजूवर एक आकडा, आणि रोज ते फिरवून ०१ ते ३१ पर्यंतची तारीख लावायची. ११ आणि २२ साठी १ आणि २ दोन्ही ठोकळ्यांवर हवेत. ०१ ते ०९ साठी शून्यही दोन्हींवर लागतं. उरले ३ ते ९ असे सात आकडे, आणि बाजू शिल्लक सहाच. इंग्रजी आकड्यांत सहा उलटा केला की नऊ होतो, म्हणून तिकडे हे गणित बसतं. देवनागरीत ६ उलटा करून ९ होत नाही. मागच्या नोंदीत मी तिसरा ठोकळा घ्यायच्या विचारापर्यंत आले होते.

वाट सापडली ती आपल्या ‘छत्तीसच्या आकड्या’त. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणजे एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. आणि ३६ ही तारीख कधी येतच नाही! मग दोघांनी एकच बाजू वाटून घ्यायला काय हरकत आहे?

हरकत होती. ठोकळा फिरवता येतो, त्याचा आरसा करता येत नाही. ३ अर्धा फेरा फिरवून त्याचा ६ व्हायचा असेल, तर त्याचा सांगाडा कंबरेच्या वर आणि खाली अगदी सारखा हवा. आपला ३ तसा नसतो. खालचं पोट वरच्यापेक्षा मोठं असतं, आणि शेपूट फक्त खाली. पहिल्यांदा शेपूटच काढून टाकलं. आईने ३ बरोबर वाचला, पण ६ पाहून म्हणाली, “हे इंग्रजी ई कशाला काढलंस?” शेपूट ठेवायलाच हवं हे तिथे कळलं. मग दोन्ही टोकांना ५ मिमीचा छोटा तिरका फटकारा दिला, खाली शेपूट आणि वर शेंडी. दोन्ही पोटं सारखी केली आणि कंबर बरोबर साडेबावीस मिमीवर आणली. शेजारच्या ठोकळ्यावर १ किंवा २ असला की डोळा शेंडीकडे बघतसुद्धा नाही. आईने, शेजारच्या आजींनी आणि चौथीतल्या भाचीने न अडखळता १३ आणि १६ वाचलं.

सगळ्यात जास्त आनंद मात्र दुसऱ्याच गोष्टीचा झाला. भीती होती की ६ ची जाड-बारीक वळणं उलटी पडतील आणि तो परक्या हाताने लिहिल्यासारखा दिसेल. तसं झालं नाही. तिरक्या तोंडाच्या बोरूचा कल अर्ध्या फेऱ्यात बदलत नाही. कागद अर्धा फेरा फिरवून धरा, तिरकी रेघ त्याच बाजूला तिरकी राहते. आरशात मात्र ती दुसऱ्या बाजूला कलते. म्हणजे सांगाडा सारखा ठेवून त्यावर बोरू नेहमीसारखा चालवला, तर ३ आणि ६ दोन्ही एकाच हातचे वाटतात. हे लक्षात आल्यावर बाकीचे आकडेही पुन्हा काढले आणि सगळ्यांच्या टोकाला तोच फटकारा आणला.

आता वाटणी अशी: एका ठोकळ्यावर ०, १, २, ३/६, ४, ५ आणि दुसऱ्यावर ०, १, २, ७, ८, ९.

लाकडाबद्दल एकच सांगते. ठोकळ्याच्या सहापैकी दोन बाजूंवर लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात आणि तिथे रंग पाझरून कडा फुटतात. आधी सँडिंग सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे, दोन हात, मग बारीक पॉलिशपेपर, मग रंग. दुसऱ्या ठोकळ्यावर या बाजूंना ७ आणि ८ दिले, कारण त्यांची वळणं सर्वांत मोकळी आहेत.

महिन्यांसाठी तीन पट्ट्या, प्रत्येकीच्या चार बाजू, झाले बारा महिने. ‘मे’ आणि ‘सप्टेंबर’ यांच्या लांबीतला फरक सतावत होता. आता शिरोरेषाच पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली आहे आणि अक्षरं तिला लटकतात. एकटा ‘मे’ सुद्धा आता पोरका दिसत नाही. उंची ठरवली ‘फेब्रुवारी’ने, कारण वरची मात्रा, खालचा रकार आणि उकार असं सगळं त्या एकाच शब्दात आहे.

अडलंय ते ‘एप्रिल’ आणि ‘जुलै’वर. ल मला आपला, दोन पाकळ्यांचा म्हणजे पाकळीयुक्तच हवा. २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी तोच दिला आहे, तरी संगणकावर बरेचदा दंडाचा, म्हणजे उजवीकडे उभी रेघ असलेला ल येतो. पण ९ मिमी उंचीच्या अक्षरात ब्रश टेकला की दोन्ही पाकळ्या रंगाने भरून जातात. पाकळ्या रुंद केल्या तर ‘जुलै’चा ल शेजारच्या जु पेक्षा फुगतो. इतक्या लहान मापात कुणी ल रंगवला असेल, तर आतली पोकळी किती मिमी ठेवलीत ते सांगा. डिसेंबरची बाजू आज रात्री सुकेल, ‘जुलै’ मात्र कोराच ठेवलाय.