कुत्रा घेऊन नाशिकच्या वाइनरीत: दोन दिवस, जमिनीवर नजर ठेवून

मुंबई ते नाशिक, एक मुक्काम, दोन माणसं आणि २८ किलोचा एक लॅब्रेडॉर. जानेवारीचा शेवटचा आठवडा, बुधवार-गुरुवार. वार मुद्दाम मधले निवडले. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि गर्दीत कुत्र्याला नकार मिळायची शक्यता वाढते. तारीख ठरवताना २६ जानेवारी टाळा. त्या दिवशी ड्राय डे असतो, म्हणजे टेस्टिंग (वाइनची चव घेणं) बंद.

निघण्याआधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फोन. ‘कुत्रा चालतो का?’ एवढंच विचारलं तर ‘हो’ म्हणतात, आणि तिथे पोचल्यावर कळतं की चालतो तो फक्त पार्किंगलगतच्या हिरवळीवर. म्हणून नेमकं विचारावं. टेस्टिंगच्या टेबलापाशी बसता येईल का, की फक्त बाहेर? रेस्टॉरंटच्या उघड्या भागात चालेल का? मुक्काम असेल तर कुत्र्यासाठी खोल्या वेगळ्या आहेत का, वजनाची मर्यादा आहे का, अनामत किती? आणि शेवटचा प्रश्न: त्या दिवशी बागेत फवारणी आहे का? उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. फोनवर बोललेला माणूस तुम्ही पोचाल तेव्हा ड्यूटीवर असेलच असं नाही.

आता रस्ता. घाटात कुत्रा ओकत असेल तर कसारा घाट टाळायला समृद्धी महामार्ग उत्तम. भिवंडीजवळचं आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा घाट पूर्ण चुकवतो. मात्र मनात येईल तिथे गाडी थांबवायची सोय त्या रस्त्यावर नाही. शू-शीचा कार्यक्रम चढण्याआधी उरकून घ्या. पोटभर जेवण निघण्याच्या चार तास आधी. गाडीत छातीपट्टा सीटबेल्टला अडकवलेला. गळ्यातल्या पट्ट्याला अडकवू नका, ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो.

पहिला थांबा सांजेगावचा पट्टा. हायवे सोडून आत गेलं की मुकणे धरणाच्या काठाने बागा लागतात. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा, या दोन्ही वाइनरी इथल्याच. गंगापूरकडच्या सुला वाइनरीच्या मानाने इथे वर्दळ फारच कमी, त्यामुळे पहिल्यांदा नेणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी. सकाळी दहाच्या आत पोचा. जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो, पण दुपारी एकनंतर फरशी आणि डांबर तापतं. हाताची पालथी बाजू सात सेकंद डांबरावर ठेवता येत नसेल तर ते पंजालाही सोसणार नाही.

गाडीतून उतरल्यावर माणसं समोरचा देखावा बघतात. कुत्रा खाली बघतो, आणि जानेवारीत घोळ खालीच पडलेला असतो. तोडणी सुरू असते. आधी शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यॉ ब्लाँ अशी पांढरी द्राक्षं, मग लाल, मार्चपर्यंत. प्रत्येक ओळीखाली गळलेले मणी सापडतात. वाइनच्या द्राक्षाचा मणी खायच्या द्राक्षापेक्षा लहान, सालीला जाड आणि बराच गोड. लॅब्रेडॉर चालता चालता वीस-पंचवीस मणी तोंडात टाकतो आणि मालकाला पत्ता लागत नाही.

द्राक्ष कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहे. संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते कच्च्या मण्यात जास्त असतं, त्यामुळे ‘हिरवी आहेत, चालतील’ हा हिशेब उलटा पडतो. वजनाच्या दर किलोमागे साधारण २० ग्रॅम द्राक्षं किंवा ३ ग्रॅम बेदाणे एवढ्यावरही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. याचा अर्थ त्याहून कमी चालतं असा मात्र नाही. काही कुत्र्यांना त्याहून जास्त खाऊनही काही होत नाही. आपला कुत्रा कुठल्या गटातला हे आधी ओळखता येत नाही.

उपाय साधा आहे. ओळींमध्ये शिरताना जाळीचं मुसकं घाला, ज्यातून त्याला धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. तोंड आवळणारं कापडी मुसकं उन्हात वापरू नका, त्यात धाप कोंडते आणि अंग तापतं. पट्टा दीड मीटरचा. लांब सुटणारा रिळाचा पट्टा बागेत नको: तो तारांत गुंततो, आणि ओळीच्या टोकाला जमिनीत गाडलेली ताणाची तिरपी तार पळत्या कुत्र्याला दिसत नाही. ठिबकच्या नळीखालचं डबकं चाटू देऊ नका, त्यातूनच विद्राव्य खतं सोडलेली असतात. पानांवर निळसर पांढरे डाग म्हणजे बोर्डो, मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक. डाग दिसले तर त्या ओळीत जाऊच नका. ब्लोअरचा, म्हणजे फवारणीच्या यंत्राचा, आवाज आला तर बाग सोडून परत फिरा.

वाइनरीच्या इमारतीत कुत्रा जात नाही, आणि गेलाही नाही पाहिजे. खाद्यपदार्थ बनायची जागा हे एक कारण. दुसरं सहसा कुणी सांगत नाही. आंबवण सुरू असलेल्या टाक्यांतून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि कुत्र्याचं नाक नेमकं तिथेच असतं. म्हणून टूर आळीपाळीने करा. एकाने पाऊण तास आत, दुसऱ्याने कुत्रा घेऊन सावलीत. दोन माणसं लागतात ती यासाठीच. एकट्याने जायचं असेल तर टूर विसरा. ‘काच थोडी खाली करून गाडीत ठेवतो’ म्हणू नका. बाहेर २९ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ४० च्या आसपास जातं, आणि फटीने विशेष फरक पडत नाही.

इमारतीच्या मागच्या बाजूला पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्याचा ढीग असतो, तिकडे तर मुळीच नको. पांढऱ्या वाइनची द्राक्षं आधीच पिळतात, त्यामुळे तो चोथा ताजा आणि गोड. लाल वाइनचा चोथा आंबवल्यानंतर निघतो, म्हणजे साली, बिया आणि वर मद्यार्क. दोन्हींवर गांधीलमाश्या घोंगावतात. वास कुत्र्याला शंभर पावलांवरून ओढतो.

संध्याकाळी गंगापूरकडे, तासाभराचा रस्ता, मुक्काम तिथेच.

दुसऱ्या दिवशी सुला, यॉर्क आणि सोमा हा धरणाच्या आसपासचा पट्टा. सुलाचं टेस्टिंग रूम २००५ पासून आहे आणि सगळी गर्दी तिथे लोटते, म्हणून उघडताच जावं किंवा सरळ वगळावं. कुत्र्यासोबत एका दिवसात दोन ठिकाणं पुरे. तिसऱ्या ठिकाणी तो कंटाळून भुंकतो आणि पुढच्या कुत्रेवाल्याला नकार मिळतो.

टेस्टिंगच्या टेबलाशी दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, चाखून उरलेली वाइन ओतायची बादली. ती बहुतेक ठिकाणी स्टुलावर किंवा खाली, कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर. पाच-सहा वाइनची सरमिसळ त्यात असते. बसल्या बसल्या ती टेबलावर उचलून ठेवायला सांगा. दोन, चीज प्लॅटर. त्यावर हमखास द्राक्षाचा घड आणि बेदाणे, शिवाय डिपमध्ये कांदा-लसूण. चीजचा तुकडा द्यायची इच्छा होणारच, पण बेदाण्याला चिकटलेला देऊ नका. गाडी चालवणाऱ्याने चव घेऊन थुंकावी. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ‘थोडीशीच घेतली’ हा तिचा हिशेब नाही.

द्राक्ष खाल्लंच तर लगेच डॉक्टर. पहिल्या दोन तासांत ओकवता आलं तर बरंच टळतं. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. त्यासाठी नाशिक शहरातल्या दोन पशुवैद्यांचे नंबर आधीच जवळ हवेत, आणि ते कधी बसतात हेही विचारलेलं हवं. पुष्कळ दवाखाने रविवारी दुपारनंतर बंद असतात. ओकारी सहसा पहिल्या २४ तासांत दिसते, मूत्रपिंडाचा त्रास २४ ते ७२ तासांत. म्हणून ‘आता बरा दिसतोय’ म्हणून सलाइन आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ताची) तपासणी सोडू नका.

सामान: पाणी तीन लिटर (२८ किलोच्या कुत्र्याला एरवीही दीड लिटर लागतं), वाटी, जुनी चादर, चिमटा, बारीक दातांचा कंगवा, गोचीड निघायचं औषध आधीच लावलेलं. चादर आपलीच न्या. तिच्या ओळखीच्या वासावर कुत्रा टेबलाखाली शांत पडतो.

चिमटा कुसळांसाठी. धरणाकाठच्या माळावर कुसळी गवत वाळलेलं असतं. कुसळ भाल्यासारखं टोकदार असतं, उलट्या बारीक केसांमुळे एकाच दिशेने सरकतं, आणि ओलं झालं की त्याची लांब शेपटी पीळ घेत फिरते. पंजाच्या बोटांमध्ये किंवा कानात शिरलं की स्क्रूसारखं आतच जातं. लक्षण म्हणजे एकच पंजा सतत चाटणं, मान एका बाजूला टाकून कान झटकणं. गाडीत चढवायच्या आधी प्रत्येक बोटाची फट उघडून बघा, काखा आणि कानाच्या पाळीमागे कंगवा फिरवा. दिसणारं कुसळ चिमट्याने, शिरलं त्याच्या उलट दिशेने, सरळ बाहेर ओढा. कानाच्या आत असेल तर हात लावू नका, डॉक्टरांकडे न्या.

तोडणी बघायची हौस नसेल तर डिसेंबर बरा. घड अजून वेलीवर असतात, खाली मणी नाहीत, चोथा नाही, फक्त कुसळं जोरात. एप्रिल-मे कुत्र्यासाठी बादच. पावसाळ्यात इगतपुरीची हिरवाई छान, पण गोचीड आणि डबकी. तेव्हा लेप्टोची (डबक्यांतल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस झालेली असल्याशिवाय निघू नका.

घरी आल्यावर तीन दिवस पाणी पिणं, खाणं आणि लघवी यांवर नजर ठेवा. सगळं नेहमीसारखं असेल तर गाडीच्या सीटखालची कुसळं वेचायला घ्यावीत. ती मात्र पुढचे दोन महिने निघत राहतात.