अभंग संपला की म्हैस

परवा भाचा बेंगळूरवरनं आला. दुपारची वेळ, श्रावण असूनही पाऊस आषाढासारखा लागलेला, करंट गेलेला, म्हणजे त्याचं घरबसल्या ऑफिस बंद आणि माझा टीव्ही बंद, असे आम्ही दोघं व्हरांड्यात खुर्च्या टाकून गेटवरनं मालगाडी जाताना बघत बसलेलो. (आमचं घर टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळ, त्यामुळं करमणूक नाही असं कधी होत नाही.) त्यानं कानातलं एक पांढरं बोंड काढलं आणि विचारलं, "मामा, सध्या काय ऐकूलालास?"

मी म्हटलं, "कुमार."

हे साफ खोटं होतं. गेले पंधरा दिवस मी अलिशा चिनॉय ऐकत होतो. तोच तो १९९५ सालचा 'मेड इन इंडिया', पहिल्यापासनं शेवटपर्यंत, स्कूटरवरनं बँकेत जाताना मनातल्या मनात आणि घरी आल्यावर फोनवर. पण काय ऐकतोस म्हणून कुणी विचारलं की माझ्या तोंडातनं आपोआप कुमारच येतात. बेळगावच्या माणसाला ही एक सोय आहे. सुळेभावी इथून हाकेवर, कुमार गंधर्व १९२४ साली तिथे जन्मले, त्यामुळं कुमार म्हटलं की एकतर समोरचा मान डोलावतो, नाहीतर गप्प बसतो, पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि अगदीच कुणी विचारला तर निर्गुणी भजनं म्हणायचं आणि जरा खिडकीबाहेर बघायचं. मला वाटतं हे सगळेच करतात. काय जेवलास याचं खरं उत्तर माणूस देतो, अगदी कालची आमटी होती हेसुद्धा सांगतो, काय ऐकतोस याचं देत नाही.

भाच्याच्या पिढीत हा संकोच नाही. त्यानं लगेच फोन पुढं केला. त्याचे मित्र म्हणे दर महिन्याला, आपण सध्या काय काय ऐकतोय ते अल्बम एकमेकांना दाखवतात. लहान लहान चौकोनी मुखपृष्ठं, चार आडवी चार उभी, देवघरातल्या तसबिरी मांडाव्यात तशी मांडलेली. मग त्याच्यावर तासन् तास चर्चा, हा पहिल्यापेक्षा बरा, तो चौथ्या गाण्यानंतर पडला, ढोल जरा जास्तच झाले. सोळातलं मला एक नाव ओळखू येईना. मग त्यानं दुसरं बोंड काढून माझ्या कानात घातलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.

हे तोंडाकडे बघणं मला माहीत आहे. आमच्या धाकट्या मावशीकडे गेलं की ती लग्नाचा अल्बम काढायची, तो जाड काळ्या पानांचा, मधे बटरपेपर असलेला, आणि आपल्या मांडीवर ठेवून आपल्या तोंडाकडे बघत राहायची. फोटोकडे तिचं लक्षच नसायचं. पान उलटायच्या आधी किती वेळ थांबलात हे ती मनात मोजत असणार. गाण्याच्या अल्बमचं नाव तरी कुठनं आलं, त्या फोटोच्या अल्बमवरनंच की. जुनी ७८ची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजायची, लांबलचक काही ऐकायचं तर पाच-सहा तबकड्या लागायच्या, त्या पुस्तकासारख्या बांधलेल्या खोळींत घालून विकत, तो अल्बम. पुढं १९४८ला लाँगप्ले आली, सगळं एकाच तबकडीवर मावायला लागलं, पण नाव तेच राहिलं. आणि ते मांडीवर ठेवून तोंडाकडे बघणंही तेच राहिलं.

भाच्याचं गाणं चाललेलं. मी दोनदा मान हलवली, एकदा भुवया वर केल्या. एवढ्यात त्याचं समाधान झालं.

आमच्या वेळी (हे शब्द मी कधी म्हणणार नव्हतो, असो) अल्बम नुसता दाखवायचा नसायचा, भरून घ्यायचा असायचा. गणपत गल्लीच्या बाजूला एक रेकॉर्डिंगवाले होते, दुकान म्हणजे एक फळी आणि फळीमागे माणूस. त्यांच्याकडे लाँगप्ले असायच्या, आपण कोरी कॅसेट न्यायची, पैसे मोजायचे, चार दिवसांनी जायचं. पेन्सिल घालून टेप गुंडाळायचं मी सांगत बसत नाही, ते सगळ्यांनी सांगून झालंय. मला सांगायचंय ते उरलेल्या टेपचं.

साठची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. बाबांनी भीमसेन जोशींचे अभंग भरून आणले. पहिली बाजू नीट बसली. दुसऱ्या बाजूला शेवटचा अभंग संपल्यावर दोन-अडीच मिनिटांची टेप उरली. आता कुणीही शहाणा माणूस ती रिकामी सोडेल. पण या गृहस्थांचं तत्त्वच वेगळं होतं, गिऱ्हाइकानं पूर्ण टेपेचे पैसे दिलेत तर टेप पूर्ण भरूनच द्यायची. मग शेजारी जी तबकडी असेल ती लावून द्यायचे.

आमच्या वाट्याला राजकुमार आला.

म्हणजे कसं व्हायचं, पंडितजींचा तो शेवटचा अभंग, टाळ चढत चढत गेलेले, आज्जी डोळे मिटून हात जोडून भिंतीला टेकलेली, शेवटचं 'विठ्ठल' हवेत विरलेलं, एक खरखर, आणि एकदम डॉक्टर राजकुमार म्हशीवर बसून. बघितलेल्यांना माहीत असेल, 'संपत्तिगे सवाल' म्हणून १९७४चा कन्नड पिक्चर, त्यात तो म्हशीवर बसून, कुणी किती का ओरडेना, म्हशी तुझ्यासारखी तूच, असल्या भावार्थाचं गातो. तोवर त्याची बहुतेक गाणी पी. बी. श्रीनिवास गायचे, या पिक्चरनंतर राजकुमार स्वतःची स्वतः गायला लागला, म्हणजे तसं बघायला गेलं तर ऐतिहासिक गाणं आहे. पण अभंगानंतर.

बाबा तरातरा गेले दुकानात. मी बरोबर होतो, सायकलच्या दांड्यावर.

"अहो, अभंगात म्हैस घातलाय तुम्ही."

"म्हैस कुठली हो," ते म्हणाले, "राजकुमार हाय की त्यो."

याच्यावर काय बोलणार. बाबा जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले ती पुसून द्या. ते म्हणाले पुसतो की, खरं रिकामी टेप ऱ्हाईल बघा, पैसं दिल्यासा न्हवं तुम्ही. बाबांनी विचार केला आणि कॅसेट परत खिशात घातली. कॅसेटच्या कार्डावर निळ्या बॉलपेननं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'भी. जो. अभंग' आणि खाली बारीक, 'जादा – राज'.

घरी हा वाद आज्जीनं मिटवला. ती म्हणाली, "माउलींनी रेड्याकडनं वेद म्हणवले, ही तर म्हैस हाय. ऱ्हाऊ दे."

आणि राहिली. पंधरा-वीस वर्षं राहिली. बाहेर मराठी-कन्नड पाट्यांवरनं काय काय चाललेलं असायचं ते तुम्हाला सांगायला नको, बंद, मोर्चे, काचा, सगळं. आमच्या कॅसेटमधे ते दोघं एकापाठोपाठ एक नांदत होते. तसे पंडितजी तरी कुठले, गदगकडचेच की, घरात कन्नड बोलणारे, आणि महाराष्ट्राला अभंग ऐकवणारे. पण हे सगळं मी आत्ता लिहिताना म्हणतोय, तेव्हा असलं काही डोक्यात नव्हतं, तेव्हा फक्त अभंग संपला की म्हैस येते एवढंच माहीत होतं, रविवारनंतर सोमवार येतो तसं.

कॉलेजात गेलो तेव्हा होस्टेलवर देशभरची पोरं, प्रत्येकाची एकेक ट्रंक, ट्रंकेत कॅसेटी. एका लखनौच्या पोरानं मला पिंक फ्लॉइड दिला, १९७३चा, 'द डार्क साइड ऑफ द मून', हातात देताना असा चेहरा की जसं काय मुंज लावतोय. घरी आणून लावला तर नुसती धकधक. गाणंच सुरू होईना. मला वाटलं मोटर गेली. टेपरेकॉर्डरचं झाकण उघडून कापसानं, स्पिरिटनं हेड पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा धकधक. ते हृदयाचे ठोके आहेत, अल्बम त्यांनीच सुरू होतो आणि त्यांनीच संपतो, हे त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही हसून हसून झाल्यावर. पण अजून मला वाटतं की त्या अल्बमच्या शेवटी, ठोके विरल्यावर, काहीतरी यायला पाहिजे होतं. निदान म्हैस तरी.

असं होतं बघा. एक गाणं संपलं की पुढच्याचा पहिला सूर आतल्या आत आधीच वाजतो. म्हणून मला ते उलटंपालटं वाजवणारं बटण सहन होत नाही, भाचा तेच लावून ठेवतो. कुणीतरी बसून लावलेला क्रम असतो, भले तो फळीमागच्या माणसानं का लावलेला असेना.

तर परवा. हे सगळं मी भाच्याला सांगितलं, अलिशा चिनॉय सोडून. तो म्हणाला थांब, आणि फोनवर तोच अभंगांचा अल्बम काढला, अर्ध्या मिनिटात, मुखपृष्ठासकट. बोंडं काढून फोन कट्ट्यावर ठेवला. आई आत लसूण सोलत होती, आवाज ऐकून परात घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यापाशी बसली. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. कॅसेट उलटायचं काम त्यांचं, दुसऱ्या कुणी हात लावलेला चालायचा नाही.

पावसात आवाज नीट येत नव्हता, तरी ऐकलं. शेवटचा अभंग आला. संपला. फोननं आपल्या मनानं दुसऱ्याच कुणाची तरी भक्तिगीतं सुरू केली.

आई मान वर न करता म्हणाली, "म्हैस कुठं गेली?"

भाचा एवढा हसला की खुर्ची मागे गेली. मग त्यानं तेही गाणं काढलं. राजकुमार सुरू झाला, आई लसूण सोलतेय, मी पाय हलवतोय. पहिलं कडवं झालं, पुन्हा ते म्हशीचं, आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, जिथं आमची टेप संपायची आणि बटण खट्ट करून वर यायचं, तिथं आईनं परात उचलली, पदराला हात पुसले आणि उठली. खट्ट झाल्यावर ती नेहमी अशीच उठायची, चारचा चहा ठेवायला. आज तर अजून तीनसुद्धा वाजले नव्हते.

"आज्जी, अजून हाय की पुढं," भाचा म्हणाला.

"असू दे," आतनं आवाज आला. "चा टाकतो मी."

गाणं पुढं चाललेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसरं कडवं ऐकलं. कसं आहे म्हणाल तर पहिल्यासारखंच आहे.