सर थांबले आणि काहीच बोलले नाहीत

आमच्या प्रोजेक्टमध्ये वेगवेगळ्या देशांतले आठवीचे गणिताचे तास शूट करून सगळ्या टीम मिळून बघतात, पुण्याची बाजू माझ्याकडे. पेठेतली मराठी माध्यमाची शाळा, वर्गात साठच्या वर मुलं, एका बाकावर तिघी. परवानग्या, संमतीपत्रं हे होऊन जातं, खरी डोकेदुखी आवाजाची. लक्ष्मी रोडचे हॉर्न आणि वर पंखे. बंद केले तर मुलं घामाघूम, चालू ठेवले तर नुसती घरघर. म्हणून मी छोटा माइक उघड्या कंपासपेटीत रुमालावर ठेवते, बाकावरची कुजबुजसुद्धा स्वच्छ येते. याचा मला अभिमान आहे.

कॅमेरे तीन. एक सरांवर, एक पूर्ण वर्गावर, एक ठरलेल्या बाकावर. ही पद्धत मेलबर्नच्या डेव्हिड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लर्नर्स पर्स्पेक्टिव्ह स्टडीतली. त्याआधी टिम्सच्या, म्हणजे देशोदेशींच्या मुलांचं गणित-विज्ञान तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय पाहणीच्या, व्हिडिओ अभ्यासात १९९५ ला जर्मनी, जपान, अमेरिका आणि १९९९ ला सात देश होते, पण एका शिक्षकाचा एकच तास घ्यायचे. क्लार्क यांच्या अभ्यासात सलग किमान दहा तास, आणि नंतर मुलाला तोच व्हिडिओ दाखवून विचारायचं, रिमोट मुलाच्याच हातात.

त्या दिवशी वर्गत्रिपदीचे अवयव चालले होते. फळ्यावर एक्स वर्ग वजा ५ एक्स वजा २४. मधलीने वजा ८ आणि वजा ३ घेतले. कडेची तिच्या वहीत वाकून म्हणते, "अगं गुणाकार वजा आहे ना, मग दोन्ही वजा कसे? बेरीज वजा ५ यायला पाहिजे, म्हणजे मोठ्याला वजा दे, ८ ला." खोडरबर चाललं, अधिक ३ झालं. तेवढ्यात सर रांगेतून आले, दोघींच्या मागे थांबले, वही बघितली आणि पुढे गेले. एक शब्द नाही.

परदेशातल्या टीमने हा तुकडा कोड केला, म्हणजे त्यात जे दिसतं त्याला ठरलेल्या यादीतलं नाव दिलं, तेव्हा मुलींना "नक्कल" आणि सरांना "प्रतिसाद नाही" असं मिळालं.

मुलाखतीत कडेच्या मुलीने व्हिडिओ नेमका तिथेच थांबवला. "ताई, हे महत्त्वाचं." मी विचारलं, इथे काय झालं? "सर थांबले आणि काही बोलले नाहीत. म्हणजे बरोबर. चुकलं असतं तर बाकावर टकटक केली असती."

मी त्याच संध्याकाळी आधीच्या दिवसांचे व्हिडिओ काढून बसले. टकटक सगळीकडे होती! सर बाकावर बोट वाजवतात, मूल वर न बघता आधीची ओळ तपासतं, आणि सर तोवर पुढच्या बाकावर गेलेले असतात. सरांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, साठ वह्यांना साठदा बोलत बसलो तर शिकवू कधी? आणि उत्तर मीच सांगितलं तर त्यांनी काय शोधायचं?" असे शिक्षक आपल्याकडे आहेत, आणि तपासणीला येणारे साहेब दहा मिनिटं मागच्या बाकावर बसून "शिक्षक विद्यार्थ्यांशी संवाद साधत नाहीत" असा शेरा मारून जातात, याची मला खरंच चीड येते.

मीटिंगमध्ये मी सगळे तुकडे सबटायटलसकट दाखवले. त्यांना पटलं, अगदी मनापासून पटलं. पण कोड बदलायचा तर सगळ्या देशांचे व्हिडिओ परत कोड करावे लागतील आणि दोन कोडर्सचं एकमत, म्हणजे दोघं वेगवेगळे बघून तेच नाव देतात का, परत तपासावं लागेल. ते मला कळतं, एकमत नसेल तर आकड्यांना अर्थ नाही. पण दोघांचं एकमत चुकीच्या गोष्टीवर झालं तर त्या आकड्यांचं करायचं काय? तूर्तास त्या तुकड्याला माझी टीप जोडलीये, कोड तसाच आहे. माझी मागणी एवढीच आहे की कुठलाही तास कोड करण्याआधी त्याच वर्गाचे आधीचे दोन तास बघा.

इतर टीमनाही विचारलंय की तुमच्याकडे शिक्षक वहीजवळ गप्प उभे राहिले तर मुलं काय समजतात. एका टीमचं उत्तर आलंय, त्यांनी हे मुलांना विचारलंच नव्हतं, आता पुढच्या मुलाखतींत विचारणार आहेत.