हादऱ्याने बोअर आटतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आपल्या नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, पेठ, कळवणकडे जमिनीतून गूढ आवाज आला, मांडणीवरची भांडी वाजली, की विहिरी-बोअरच्या कामात असल्यामुळे मला हमखास विचारणा होते: "भाऊ, त्या हादऱ्यानं आमचं पाणी पळालं का?"

पाणी पळतं, हे खोटं नाही. 2016 साली जपानमध्ये कुमामोतोला भूकंप झाला आणि सुइझेंजी बागेतलं झऱ्यांचं तळं आटलं. पुढे ते पुन्हा भरलं. 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा प्रिएटाच्या 6.9 च्या भूकंपानंतर ओढ्यांना पाणी वाढलं, पण वरच्या डोंगरातल्या विहिरींची पातळी खाली गेली. धक्क्याने खडकातल्या भेगा मोकळ्या होतात, आत अडकलेला गाळ सुटतो आणि डोंगरात साठलेलं पाणी उताराला लागतं. कच्छची तऱ्हा निराळी. 26 जानेवारी 2001 ला तिथल्या रणात भिजलेली सैल वाळू हादरून दबली आणि मधलं पाणी वाळूसकट वर उसळलं.

आपल्याकडे ना तशी वाळू, ना तसा धक्का. नाशिकचं पाणी मुरुमात, मांजऱ्या (बारीक छिद्रांच्या) खडकात आणि कातळाच्या फटींत. म्हणून तर एकाच बांधाच्या अलीकडे पाणी लागतं आणि पलीकडे नुसती धूळ उडते. फट सरकली तर झरा सरकेल, तत्त्वतः मान्य. पण भूकंपाच्या मोजमापात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. म्हणजे आपल्याकडच्या 3 च्या आसपासच्या आणि तिकडच्या 7 च्या धक्क्यांत दहा लाख पटींचं अंतर पडतं. कोयना परिसरात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने खास बोअर खोदून पातळी मोजली, तेव्हा चार-पाचच्या धक्क्यांनाही फरक दिसला तो सेंटिमीटरांत.

तेव्हा जानेवारीत भांडी वाजली आणि मार्चमध्ये बोअर आटला, तर मी आधी शेजारच्या द्राक्षबागेतला नवा बोअर किती फूट गेलाय ते विचारतो. हे कुणाला आवडत नाही.

खरंच छडा लावायचा असेल तर आजपासून दर महिन्याला, मोटर रात्रभर बंद ठेवून, सकाळी पातळी मोजून लिहून ठेवा. आणि धक्क्यानंतर पाणी गढूळ आलं तर निवळेपर्यंत पिऊ नका. चार दिवसांतही निवळलं नाही, तर केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाकडचा आतला पाइप, बघून घ्या.